मधुमेही मूल आणि टेबलाच्या खणातील साखर

प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलास मधुमेह असू शकतो, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना अद्याप खरी वाटत नाही. मधुमेह म्हणजे पन्नाशीच्या पुढचा, बैठे काम करणाऱ्यांचा, गोडाची आवड असणाऱ्यांचा रोग, अशी आपली समजूत. प्रौढांच्या मधुमेहाबाबतही ती अर्धवटच खरी आहे. मुलांच्या मधुमेहाबाबत तर ती सर्वस्वी चुकीची आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू शिक्षकास वैद्य बनविण्याचा नाही. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हे डॉक्टर, पालक व कळत्या वयाचे स्वतः मूल यांचे काम होय. परंतु दिवसाचे पाच-सहा तास ते मूल आपल्या स्वाधीन असते, आणि त्या तासांत त्याच्या साखरेचे जे काही होते त्यातील मोठा भाग आपण दिलेल्या अथवा नाकारलेल्या परवानगीवर अवलंबून असतो. खाण्याची परवानगी, पाणी पिण्याची परवानगी, बाहेर जाण्याची परवानगी. या तीन गोष्टी कोणत्याही डॉक्टरच्या हाती नाहीत, त्या आपल्या हाती आहेत.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. प्रौढांत बहुधा आढळतो तो दुसरा प्रकार. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होते, पण ते पुरे पडत नाही किंवा शरीर त्यास नीट दाद देत नाही. लहान मुलांत बहुधा आढळतो तो पहिला प्रकार. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. हा रोग गोड खाल्ल्याने जडत नाही, आईबापांच्या कोणत्याही हयगयीने जडत नाही, आणि एकाचा दुसऱ्यास लागत तर नाहीच नाही. अशा मुलास वेगळे बसविणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, म्हणून हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले.

आता थोडे गणित करू. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. प्रौढ शरीरात रक्त सुमारे ५ लिटर, म्हणजे ५० डेसिलिटर. ९० मिलिग्रॅम धरून गुणाकार केला तर ४५०० मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅम येतात. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण इतकीच साखर मावते. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात रक्त दोन लिटरांहून थोडे कमीच असते. त्याच्या साऱ्या रक्तातील साखरेने अर्धा चमचाही भरत नाही. उलट प्रौढाचा मेंदू एकटाच तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो. म्हणजे यकृताने आपल्या साठ्यातून सतत भर घातली नाही, तर रक्तातील सगळी शिल्लक तासाभरात संपावी. हे उदाहरण मी सहावी-सातवीच्या वर्गांत अनेकदा घातले आहे. मुलांना उत्तर चटकन येते, पण विश्वास बसत नाही. ती पुन्हा गुणाकार करून पाहतात.

एवढ्याशा साठ्यात जेवणातून एकदम पन्नास-साठ ग्रॅम भर पडते आणि तरीही पातळी फारशी हलत नाही, ही किमया इन्सुलिनची. आपल्याकडील बागायती गावांतील शिक्षकांना हे पाटाच्या पाण्यावरून समजावे. पाटकरी ज्या वाफ्याचे दार उघडतो त्या वाफ्यात पाणी शिरते. पाटकरीच नसेल तर पाट तुडुंब वाहतो आणि वाफे मात्र कोरडे राहतात. इन्सुलिन नसलेल्या शरीरात हेच घडते. रक्तात साखर मावेनाशी होते, पेशी उपाशी राहतात. साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही; ती लघवीतून वाहू लागते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून न शमणारी तहान. उपाशी पेशी चरबी जाळू लागतात, म्हणून मूल खाऊनही वाळते. आणि त्या ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले रक्तात साचली की उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी व अखेर बेशुद्धी असा क्रम लागतो. यास वैद्यकात कीटोॲसिडोसिस म्हणतात. येथे तास मोजावे लागतात, दिवस नव्हे.

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी अशा मुलांचे आयुष्य बहुधा वर्ष-दोन वर्षांचे उरत असे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क तयार केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलास त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो अर्क अशुद्ध असल्याने उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा देताच मुलाची साखर उतरली. तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला. या शोधाचे हक्क संशोधकांनी टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला दिले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शाळांत त्या दिवशी बालदिन असतो. दोन्ही गोष्टी एकाच परिपाठात सांगण्यास काही अडचण नाही.

या ठिकाणी माझ्याच नोकरीतील एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेवर होतो. चौथीतला एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर तासातासाला बाहेर जाण्याची परवानगी मागू लागला. मुलगा हुशार, पण पाढे म्हणून घेण्याची वेळ आली की नेमका हात वर करी, असे माझे मत झाले. मी नियम केला की मधल्या सुटीशिवाय बाहेर जावयाचे नाही. दोन दिवस तो पाय आवळून बसला. तिसऱ्या दिवशी त्याची चड्डी वर्गातच ओली झाली आणि मुले हसली. शाळेच्या मागे तो जेथे बसत असे तेथे मुंगळे जमतात, असेही मुले हसत सांगत. मधुमेह या शब्दातील मधु म्हणजे मध, आणि अशा रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात, हे मला शब्दार्थ म्हणून चांगले ठाऊक होते. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पुढल्या आठवड्यात तो शाळेत आला नाही. घरी उलट्या होत होत्या. बाधा समजून दोन दिवस अंगारे-धुपारे झाले. जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत तो बेशुद्ध होता. तो परत आला नाही. त्याच्या वडिलांनी माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही, उलट पाटी-दप्तर परत देण्यास गेलो तेव्हा चहा केला. त्या दिवसापासून लघवीस जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलास मी नाही म्हटलेले नाही, आणि माझ्या बीटातील कोणा शिक्षकाने म्हणावे असे मला वाटत नाही. परवानगीचा गैरफायदा घेणारी मुले असतात. त्यांनी चुकविलेले पाढे नंतर म्हणून घेता येतात.

तहान, लघवी, थकवा आणि वाळणे, ही चार चिन्हे एकत्र दिसली की त्याच दिवशी पालकांस बोलावून मुलाची रक्तशर्करा तपासण्यास सांगावे. बोटाच्या टोकातील एका थेंबावर प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. ज्या मुलाची अंथरुणात लघवी करण्याची सवय केव्हाच सुटली होती ते मूल पुन्हा तसे करू लागले, ही गोष्ट माता बहुधा बाईंजवळ दबक्या आवाजात बोलतात. ते मोठे सूचक चिन्ह आहे. इटलीतील पार्मा या प्रांतात १९९१ पासून शाळाशाळांतून व बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून नेमक्या याच चिन्हाकडे लक्ष वेधणारी भित्तिपत्रके लावण्यात आली. तेथे नव्याने मधुमेह जडलेल्या मुलांपैकी कीटोॲसिडोसिसच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी ७८ टक्के होते. पुढील सहा वर्षांत ते १२.५ टक्क्यांवर आले. नवे औषध आले नव्हते. शाळेच्या भिंतीवर एक कागद आला होता.

रोगाचे निदान होऊन मूल इन्सुलिन घेऊ लागले, आणि शाळेत परतले, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप बदलते. आता वर्गात अधिक भीती साखर वाढण्याची नसून ती घसरण्याची असते, आणि शिक्षकांचा घोटाळा होतो तो येथेच. मधुमेह म्हटला की साखर जास्त, एवढेच आपण जाणतो. परंतु निरोगी शरीरातील पाटकरी क्षणाक्षणाला पाणी पाहून दार उघडतो व मिटतो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनला ते साधत नाही. ती मात्रा म्हणजे पुढील काही तासांत मूल किती खाईल आणि किती धावेल याचा आगाऊ केलेला अंदाज असतो. मूल त्याहून कमी जेवले, उशिरा जेवले किंवा जास्त खेळले, तर टोचलेले इन्सुलिन आपले काम चालूच ठेवते आणि रक्तशर्करा ७० च्या खाली उतरते. मेंदूचे अन्न तुटते. ५४ च्या खाली तर स्थिती गंभीर समजावी.

अशा वेळी मुलास दरदरून घाम येतो, हात कापतात, चेहरा पांढरा पडतो, कडकडून भूक लागते, छाती धडधडते. काही मुले विनाकारण चिडतात, शेजाऱ्यास ढकलतात, रडू लागतात. काही अगदी मंद होतात. पण यापेक्षा सूक्ष्म अशी काही चिन्हे आहेत जी डॉक्टरला कधी दिसणार नाहीत आणि वर्गशिक्षकास हमखास दिसतील: सरळ रेषेत लिहिणाऱ्या मुलीचे अक्षर ओळीखाली उतरू लागते, काल अचूक केलेली हातच्याची वजाबाकी आज तिला सुचत नाही, नाव घेऊन हाक मारली तरी ती फळ्याकडे पाहत राहते. अशा मुलावर आळस वा उद्धटपणाचा शिक्का मारण्यापूर्वी त्याने सकाळी काय खाल्ले हे विचारावे.

उपाय साधा आहे. साखर द्यावी, आणि ताबडतोब द्यावी. प्रमाण वजनाच्या दर १० किलोमागे सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे पहिली-दुसरीच्या वीस किलोच्या मुलास दीड चमचा, तीस किलोच्या मुलास दोन चमचे, आणि सातवी-आठवीच्या मुलास तीन चमचे. अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून पाजावी. ग्लुकोजची पूड असल्यास ती अधिक लवकर लागू पडते, गूळही चालतो. चॉकलेट, पेढा, दूध हे पदार्थ गोड असले तरी त्यांतील स्निग्धांश साखरेचा मार्ग मंदावतो, म्हणून या प्रसंगी ते दुय्यम. पंधरा मिनिटे मुलाजवळ बसावे. ग्लुकोमीटर असल्यास मोजावे. ७० च्या वर आले नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. बरे वाटल्यावर पुढील जेवणास अवकाश असेल तर पोळी, बिस्किटे किंवा केळे खाऊ घालावे. या अवधीत मुलास एकटे नळावर, शौचालयात वा घरी पाठवू नये. सोबतीला दुसरे मूल देऊन घरी पाठविणे हीदेखील चूकच. ग्लुकोमीटर नसेल आणि साखर घसरली की वाढली हे कळत नसेल, तर साखर द्यावी. वाढलेल्या साखरेत दोन चमच्यांची भर पडल्याने त्या तासात मोठे अनिष्ट होत नाही, घसरलेली साखर तशीच सोडली तर होते.

मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील तर मात्र तोंडात पाणी वा सरबत मुळीच ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून निजवावे, १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि मधुमेही मूल आहे, इन्सुलिन घेते, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

दोन वर्षांपूर्वी एका शाळाभेटीत मला एक वही पाहावयास मिळाली. पाचवीतली मुलगी, पहिल्या प्रकारचा मधुमेह. ती स्वतःच बोटाला टोचून साखर मोजे आणि आकडा बाईंच्या वहीत मांडी. बाईंनी प्रत्येक आकड्यासमोर वार, वेळ आणि त्याआधी काय घडले ते एका ओळीत लिहिले होते. इतर वारी आकडे ११० ते १६० च्या दरम्यान. आणि तीन आठवडे लागोपाठ शनिवारी दहाच्या सुमारास ६४, ५८, ६१. डॉक्टरांस मुलीच्या घरच्यांनी हे सांगितले नव्हते, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हते. शनिवारी शाळा सकाळची. आई नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोची, पण मुलगी घाईने चहा-बिस्कीट घेऊन निघे, आणि शाळेत पहिली गोष्ट कवायत. बाईंनी दोन गोष्टी केल्या. शनिवारी कवायतीपूर्वी मुलीस शेंगदाण्याची चिक्की किंवा केळे खाण्याची मोकळीक दिली, आणि वही पालकांबरोबर डॉक्टरांकडे पाठविली. डॉक्टरांनी शनिवारची सकाळची मात्रा बदलून दिली. मात्रा बाईंनी बदलली नाही, हे लक्षात घ्यावे. त्यांनी वार ओळखला. मी शेरेबुकात तपासणीचे जे काही लिहावयाचे ते लिहिले, पण त्या दिवशी शिकून परत आलो तो मी.

कवायत, खो-खो, लेझीम यांपासून अशा मुलास दूर ठेवावे असे वरील गोष्टीवरून कोणी समजू नये. व्यायाम त्यास हितकारकच आहे. खेळापूर्वी काही खावे, खिशात साखर असावी, एवढेच. खेळाचा परिणाम पुढे कित्येक तास, प्रसंगी रात्रीपर्यंत राहतो. म्हणून क्रीडास्पर्धेच्या वा सहलीच्या दिवशी पालकांस आदल्या दिवशी कळवावे. साखर २५० च्या वर असेल आणि मूल मलूल दिसत असेल, उलटी होत असेल, तर मात्र त्या दिवशी खेळ नाही, दवाखाना.

शालेय पोषण आहाराविषयी मला नेहमी विचारले जाते की मधुमेही मुलास खिचडी द्यावी की नाही. द्यावी. भाताने साखर लवकर चढते हे खरे. सोबत डाळ-उसळ पुरेशी असली तर ती चढण सौम्य होते. पण महत्त्व पदार्थापेक्षा वेळेला आणि मापाला अधिक आहे. साध्या जातीचे इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावे लागते. मुलाने सुई घेतली आणि नेमका त्या दिवशी गॅस संपला किंवा तांदूळ शिजावयास लागला, की खिचडी पाऊण तास लांबते, आणि चुलीपासून दहा पावलांवर मुलाची साखर घसरत असते. यास्तव स्वयंपाकी-मदतनीस ताईंनाही ही गोष्ट सांगून ठेवावी आणि अन्न तयार असल्याचे पाहूनच मुलास सुई घेऊ द्यावी. रोज साधारण सारख्याच मापाने वाढावे. सुई देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. स्वच्छ, आडोशाची जागा देणे हे आहे. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून घरी पाठवावी, शाळेच्या उकिरड्यावर नव्हे.

श्रावणी सोमवार, एकादशी, हरतालिका या दिवशी मुलीसुद्धा मोठ्यांचे पाहून उपास करतात. इन्सुलिन घेणाऱ्या मुलीने निरंकार उपास करणे धोक्याचे आहे, आणि साबुदाण्याचा उपास हा तर साखरेच्या दृष्टीने उपासच नव्हे. येथे शिक्षकाच्या शब्दाला घरात किंमत असते. ती खर्च करावी.

परीक्षेच्या प्रसंगी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, अल्पोपाहार व पाणी परीक्षागृहात नेण्याची मुभा दिली. आपल्या शाळेतील चाचण्या आपल्याच हाती असतात, तेथे कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे केंद्र परक्या शाळेत असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून केंद्रसंचालकांस आगाऊ लेखी कळवावे. आयत्या वेळी दारावर समजूत घालीत बसणे मुलाच्या साखरेस मानवत नाही.

घरच्या समजुती हा एक वेगळाच विषय आहे. निदानानंतर काही आठवड्यांनी पुष्कळ मुलांची इन्सुलिनची गरज एकाएकी कमी होते. स्वादुपिंडातील उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ पुन्हा कामाला लागलेल्या असतात. घरच्यांस वाटते रोग गेला, अमक्याच्या औषधाचा गुण आला. मग इन्सुलिन बंद होते आणि कारल्याचा रस सुरू होतो. कारल्याच्या रसाशी माझे वैर नाही, परंतु पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद करणे म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणे होय, आणि हे पालकांस स्पष्ट शब्दांत सांगण्यास आपण कचरू नये. दुसरी गोष्ट, मुलगी असली की लग्नाच्या भीतीने आईबाप रोग लपवितात. त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. म्हणूनच जेवढ्यांना माहीत असणे आवश्यक आहे, म्हणजे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, स्वयंपाकी ताई आणि बाकावरची विश्वासू मैत्रीण, तेवढ्यांनाच ते सांगावे, आणि गावच्या पारावर त्याची चर्चा होऊ देऊ नये. पालकांचा हा विश्वास एकदा मिळाला की बाकीच्या गोष्टी आपोआप जमतात.

खेड्यात बाटलीवरील मजकूर वाचून घेण्यास आजी-आजोबा पुष्कळदा गुरुजींकडेच येतात, म्हणून एक बारकावा सांगतो. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते, मिलिलिटरला ४० युनिटांचे आणि १०० युनिटांचे. त्यांच्या सिरिंजाही निराळ्या. पहिलीचे टोपण लाल, दुसरीचे नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजेत तेवढ्याच खुणेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते. भागाकार करून पाहावा. बाटली न उघडलेली असल्यास २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी. ती गोठता कामा नये, गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे. शीतकपाट नसलेल्या घरी पाणी न शिरणाऱ्या डबीत बाटली घालून ती सावलीतील ओल्या मडक्यात ठेवली, तर उन्हाळ्यातही पुष्कळ बचाव होतो. चालू बाटली उन्हापासून जपल्यास साधारण चार आठवडे टिकते. मुलाच्या दप्तरात ती असेल तर ते दप्तर पत्र्याखालच्या खिडकीत ठेवू देऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींपैकीही काहींना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. मी स्वतः त्यांपैकी एक आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी गोळी घेऊन, जेवण दोनवर ढकलून, तालुक्याच्या सभागृहात घाम पुसत बसण्याचा अनुभव मीही घेतला आहे. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनीही साखर घसरते. तेव्हा खिशात दोन पुड्या आपल्याही असाव्यात, आणि ज्याला स्वतःस तो थरथराट ठाऊक आहे त्यास मुलाची अवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जूनमध्ये शाळा उघडताना अशा मुलाच्या पालकांसमवेत एक छोटी बैठक घ्यावी. डॉक्टरांचे नाव व दूरध्वनी, इन्सुलिनच्या वेळा, या मुलाची साखर घसरताना प्रथम काय दिसते, आणि पालक शेतावर असतील तर कोणास बोलवावे, हे एका कागदावर लिहून घेऊन हजेरीपटास टाचावे, म्हणजे बदली शिक्षकासही ते सापडते. साखर टेबलाच्या खणात ठेवावी, कुलूप लावू नये, आणि ती कोठे आहे हे वर्गातील दोन-तीन मुलांस माहीत असावे. शिक्षक त्या क्षणी कार्यालयात असू शकतो. डबा घट्ट झाकणाचा असावा, सोबत एक चमचा व पेला. पावसाळ्यात साखर ओली होऊन तिचा गोळा बनतो, तेव्हा पंधरवड्यातून एकदा ती बदलावी, आणि खणाला मुंग्या लागल्या तर डबा थाळीत पाणी घालून त्यात ठेवावा.